आपल्या गावाखाली ज्वालामुखी आहे का? कोकणातल्या चौथी-पाचवीच्या वर्गासाठी भूकंप आणि ज्वालामुखी

प्रश्न संगमेश्वर तालुक्यातल्या एका शिक्षिकेचा आहे. वर्ग चौथी-पाचवीचा. सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी करून झाला, मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि नंतर एकाने विचारले, "तुरळला गरम पाणी येतं, मग आपल्या खाली ज्वालामुखी आहे का? तो फुटणार का?" यावर काय सांगावे, आणि सोड्याच्या पुढे वर्गात काय करता येईल?

त्या मुलाला आधी सरळ उत्तर द्या: नाही, फुटणार नाही. कोकणात आज एकही ज्वालामुखी नाही. भारतात जागता ज्वालामुखी एकच, अंदमानातले बॅरन बेट. पण लगेच दुसरे वाक्यही सांगा, कारण खरी गंमत त्यातच आहे. तुमच्या शाळेमागचा डोंगर हा थिजलेला लाव्हा आहे, आणि भूकंप मात्र इथे खरोखर होतात. म्हणून कोकणात शिकवताना मी ज्वालामुखीची बाजू दगडावरून आणि भूकंपाची बाजू कोयनेवरून सुरू करायला सांगेन. हवाई आणि जपानची चित्रे नंतर दाखवा.

त्याआधी एक आकृती काढायची आहे. तिच्यावाचून पुढचे सगळे चुकीचे समजले जाते. ६४ सेंमी लांबीची सुतळी घ्या, एक टोक पटांगणात धरा आणि दुसऱ्या टोकाच्या खडूने वर्तुळ काढा. १ सेंमी म्हणजे १०० किमी. ही पृथ्वी, त्रिज्या साधारण ६,४०० किमी. आता बाहेरून आत २९ सेंमीवर दुसरे वर्तुळ काढा, इथपर्यंत प्रावरण, म्हणजे कवचाखालचा खडकाचा जाड थर. त्याच्या आत साडेबावीस सेंमीचा पट्टा बाह्य गाभ्याचा, तो वितळलेल्या लोखंडाचा. उरलेला मधला १२ सेंमी त्रिज्येचा गोळा पुन्हा घन. आणि कवच? खंडांखाली ते सुमारे ३५ ते ४० किमी, म्हणजे या आकृतीत ४ मिमीच्या आतबाहेर. खडूची रेघच तेवढी जाड असते. कोयनेजवळ भूकंपांच्या अभ्यासासाठी ३ किमी खोल छिद्र पाडले आहे, ते इथे ०.३ मिमी भरेल. मुलांना हे पट्टीवर शोधायला लावा.

या आकृतीवर एक गोष्ट ठासून सांगा: प्रावरण घन आहे. जवळजवळ प्रत्येक मूल समजते की कवचाखाली लाव्ह्याचा समुद्र आहे आणि भोक पडले की तो वर येतो. म्हणूनच पृथ्वीला शहाळ्याची उपमा देऊ नका, कवटी फोडली की पाणी हे चित्र पक्के बसते आणि मग निघत नाही. प्रावरणाचा खडक तापलेला आहे, फार सावकाश सरकतो, पण वरचा दाब त्याला वितळू देत नाही. दाब कमी झाला किंवा खडकात पाणी मिसळले, तरच थोडा भाग वितळतो. ज्वालामुखी सगळीकडे नसतात, ठरावीक जागीच असतात, ते याचमुळे.

आता दगड. मुलांना घरून दोन तुकडे आणायला सांगा, एक काळ्या दगडाचा, म्हणजे डबर, खडी किंवा फुटलेल्या पाट्याचा तुकडा, आणि एक जांभ्याचा, चिऱ्याची कपरी चालेल. मग विचारा: यातला लाव्ह्याचा कोणता? बहुतेक हात जांभ्याकडे जातात. लाल आहे, भोके आहेत, भाजल्यासारखा दिसतो. इथेच धडा सुरू होतो, कारण लाव्ह्याचा आहे तो काळा. त्याला बेसाल्ट म्हणतात. जांभा हा त्याच्यासारख्या खडकाचा मागाहून झालेला चोथा. लाखो वर्षे ऊन आणि धो धो पाऊस खाऊन खडकातली सिलिका आणि इतर विरघळणारे पदार्थ वाहून गेले, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली. लाल रंग गंजाचा आहे, आगीचा नाही.

भिंग असेल तर भोके जवळून पाहायला लावा. काळ्या दगडात भोके असलीच तर ती गोल किंवा लंबगोल, सुटी सुटी आणि कडेला गुळगुळीत असतात. लाव्हा थिजत असताना आत अडकलेल्या वायूचे ते बुडबुडे. पुष्कळदा ती पांढऱ्या स्फटिकांनी भरलेली असतात, झिओलाइट, कॅल्साइट, क्वार्ट्ज. हे नंतर खडकातून झिरपलेल्या पाण्याने भरले. जांभ्याची भोके वेडीवाकडी, एकमेकांत शिरलेली, आत पिवळट माती. भिंग नसेल तर दोन्हींवर पाण्याचा थेंब टाका. काळ्यावर तो बसून राहतो, जांभा पिऊन टाकतो. वजनकाटा मिळाला तर दोन्ही तुकडे कोरडे तोला, रात्रभर पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा तोला. जांभ्याचे वजन चांगले वाढलेले दिसेल, काळ्याचे जवळपास तेवढेच. चुंबकाचा खेळही जमतो. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पुळणीतल्या काळ्या वाळूत फिरवा, काळे कण चिकटून येतील. त्यात बेसाल्टातून सुटलेला मॅग्नेटाइट असतो. पिशवी विसरू नका, नाहीतर चुंबकाला लागलेले कण शेवटपर्यंत निघत नाहीत.

एक सावधगिरी: वेंगुर्ला-सावंतवाडीकडच्या शाळांनी "आपला सगळा डोंगर लाव्ह्याचा" असे सरसकट सांगू नये. दक्षिण सिंधुदुर्गात लाव्ह्याच्या थरांहून कितीतरी जुने खडक उघडे आहेत. रायगड, रत्नागिरी आणि सह्याद्रीचा कडा यांना ते वाक्य लागू.

हा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आला. शंकूच्या तोंडातून उसळून नव्हे, तर बराचसा जमिनीच्या लांबच लांब भेगांतून. अलिबाग-मुरूड किनाऱ्यावर ओहोटीला कातळातून सरळ भिंतीसारखे गेलेले काळे पट्टे दिसतात, ते अशा भेगांत थिजलेला शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, त्यांना डाईक म्हणतात. लाव्ह्याचा पूर आला, थिजला, मधे खंड पडला, पुन्हा पूर आला. आजही हे थर सुमारे ५ लाख चौरस किमीवर पसरलेले आहेत आणि सह्याद्रीत त्यांची एकूण जाडी दोन किमीच्या आसपास भरते. कुंभार्ली किंवा आंबा घाटातून एसटीने जाताना समोरच्या कड्यावर आडव्या पायऱ्या दिसतात, तेच हे थर. मधेच एखादी लाल मातीची पट्टी दिसली तर मुलांना मुद्दाम दाखवा. दोन पुरांच्या मधल्या काळात थराचा माथा झिजून माती झाली, तिच्यावर पुढचा लाव्हा आला.

बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते हा लाव्हा ज्या तप्त जागेवरून आला, ती आज मॉरिशसजवळच्या रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. जागा साधारण तिथेच राहिली, आपले भूपट्ट, म्हणजे ज्यावर भारत बसला आहे तो खडकाचा प्रचंड तुकडा, सरकले. पाचवीला भागाकार येतो, तर करून घ्या. मुंबई ते रियुनियन साधारण ४,८०० किमी, म्हणजे ४८ कोटी सेंमी. भागिले ६.६ कोटी वर्षे. उत्तर येते वर्षाला सव्वासात सेंमी. आज भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंमी सरकतो, पूर्वी तो याहून वेगाने जात होता. हिशोब ढोबळच आहे, पण "जमीन सरकते" हे वाक्य त्याने हाताला लागते.

मग तुरळचे गरम पाणी? तुरळ, राजवाडी, आरवली, दापोलीचे उन्हवरे, राजापूरचे उन्हाळे, पालीजवळचे उन्हेरे ही सगळी कुंडे उत्तर-दक्षिण पट्ट्यात आहेत. जमिनीत दर किलोमीटर खोलीला तापमान सुमारे २५ अंशांनी वाढते. पावसाचे २७ अंशांचे पाणी भेगांतून दोन किमी खाली गेले तर किती तापेल? २७ अधिक ५०, सत्त्याहत्तर. तेच पाणी दुसऱ्या भेगेने लवकर वर आले की वाटेत थोडे निवते आणि तरीही हात भाजतो. त्याला खाली लाव्हा लागत नाही, खोली आणि भेग पुरते. मूल गंधकाच्या वासाचे विचारेल. तो वास पाण्यात विरघळलेल्या गंधकाच्या संयुगांचा असतो, ज्वालामुखीचा पुरावा नव्हे.

आता सोडा-व्हिनेगर. करायचा तर नीट करा. १०० मिली साध्या ४ टक्क्यांच्या व्हिनेगरला खायचा सोडा एक शीग लावून चमचा, ५-६ ग्रॅम, पुरतो. त्याहून जास्त टाकला तर नुसता तळाशी बसतो. एवढ्यातून दीड लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. बाटली अरुंद तोंडाची हवी, व्हिनेगरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, आणि सोडा टिश्यू पेपरच्या पुडीत बांधून टाका, म्हणजे हात काढायला वेळ मिळतो. बेकिंग पावडर चालत नाही, तिच्यात सोडा थोडाच असतो. व्हिनेगरऐवजी कोकमाचे आगळ चालते, पण ते सोड्याने रंग बदलते आणि मग वर्ग रंगाकडेच बघत बसतो. प्रयोगानंतर दोन वाक्ये सांगायलाच हवीत: खऱ्या ज्वालामुखीत सोडा आणि आम्ल नसते, आणि इथे उष्णता कुठेच नाही. या प्रयोगात खरे एवढेच की वायू द्रवाला वर ढकलतो. त्यासाठी गोळी सोड्याची किंवा कुठल्याही सोड्याची बाटली हलवून उघडणे जास्त प्रामाणिक आहे. दाबाखाली विरघळलेला वायू दाब सुटताच फुगतो, शिलारसातही हेच घडते.

त्यापेक्षा काकवी घ्या. स्टीलचे ताट एका बाजूला दोन पुस्तकांनी उचला, वरच्या कडेला एकेक चमचा तीन नमुने ओता: गरम पाण्यात डबी ठेवून कोमट केलेली काकवी, बर्फात गार केलेली, आणि तांदळाचे पीठ कालवलेली. मोबाइलवर वेळ मोजा. कोमट काकवी झरझर पातळ पसरते, गार रेंगाळते, पिठाची ढीग करून बसते. पातळ लाव्हा दूरवर पसरून थर करतो, आपला असाच होता. चिकट लाव्हा तोंडाशीच साचतो, वायू कोंडतो, आणि असे ज्वालामुखी स्फोटाने फुटतात. पीठ चाळून घाला, गुठळ्या झाल्या तर मोजमाप फसते. ताट दर वेळी पुसून कोरडे करा आणि मुंग्यांचा बंदोबस्त ठेवा.

मेणाचा प्रयोग शिक्षकाने स्वतः करायचा. बोरोसिलच्या ५०० मिली बीकरमध्ये तळाशी १ सेंमी रंगीत मेण वितळवून थिजवा, वर १ सेंमी वाळू, वर थंड पाणी पाऊण बीकर. खालून तापवा. मेण वितळले की वाळू फोडून वर येते आणि पाण्यात थिजते. लोणच्याची बरणी किंवा साधा ग्लास वापरला तर काच तडकते. मुलांना दोन मीटर लांब बसवा.

भूकंपाला मात्र जास्त वेळ द्या. साहित्य: मीटरभर फळी, ६० किंवा ८० नंबरचा पॉलिश पेपर, हाताएवढा लाकडी ठोकळा, हूक, तीन-चार रबरबँड, सुतळी, अर्धा किलोचे वजन. फळीवर पॉलिश पेपर खरखरीत बाजू वर करून चिकटवा, ठोकळ्याच्या तळालाही तोच. ठोकळ्याला हूक, हुकाला एकात एक ओवलेले रबरबँड, त्यांना सुतळी. ठोकळ्यावर वजन ठेवा. फळीच्या कडेला सेंमीच्या खुणा करा आणि सुतळी एकेक सेंमी ओढा. काहीच होत नाही, रबर ताणत जाते, आणि मग ठोकळा एकदम उडी मारतो. ती उडी म्हणजे भूकंप, ताणलेले रबर म्हणजे ताण साठवणारा खडक.

प्रत्येक उडी किती सेंमीची, हे फळ्यावर लिहा. पुढची उडी कितव्या सेंमीला येईल, यावर मुलांना अंदाज बांधायला सांगा. अंदाज चुकत राहतील. तुम्ही सारख्याच वेगाने ओढता, तरी उडी केव्हा आणि केवढी हे आधी सांगता येत नाही. "भूकंप अमुक तारखेला येणार" असा निरोप मोबाइलवर फिरतो तेव्हा तो खोटा का, हे पाचवीच्या मुलाला यावरून कळते.

प्रयोग फसतो तो तीन ठिकाणी. रबर न लावता नुसती सुतळी बांधली तर ठोकळा मुकाट्याने मागे येतो. पेपर बारीक असला किंवा घासून गुळगुळीत झाला तर उड्या पडत नाहीत, तो बदला. आणि मुले घाईने ओढतात, तेव्हा ओढणाऱ्याला "एक... थांब... दोन... थांब" असे मोजायला सांगा.

याच मांडणीत कोयना दाखवता येते. रबर ताणून ठेवा, ठोकळा अजून हललेला नाही. आता वरचे वजन हलकेच उचला. ठोकळा लगेच सुटतो. धरणाचे पाणी भेगांत मुरले की तिथला दाब वाढतो आणि भेगेच्या दोन्ही बाजूंना आवळून धरणारा जोर तेवढा कमी पडतो. पण रबर आधीच ताणलेले होते, पाण्याने ताण निर्माण केला नाही, फक्त सुटायला वाट दिली. कोयनेत १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी साठू लागले, धक्के वाढले, आणि ११ डिसेंबर १९६७ला पहाटे साडेचारच्या सुमारास ६.३ तीव्रतेचा मोठा धक्का बसला. त्यात दीडशेहून जास्त माणसे गेली. तिथे आजही छोटे धक्के बसतात. मुलांच्या आजी-आजोबांना त्या पहाटेबद्दल विचारायला सांगा, चिपळूण-संगमेश्वरात आठवण असलेली माणसे सापडतात.

भूकंपाच्या लाटा दाखवायला पटांगण हवे. पंधरा मुले एका ओळीत, हात पुढच्याच्या खांद्यावर. मागच्याने हलकेच पुढे ढकलले की धक्का ओळीतून जातो, ही पहिली लाट. मागच्याने बाजूला डुलले की डुलणे जाते, ही दुसरी लाट. आता मधल्या चौघांनी हात घडी घालून नुसते जवळ उभे राहायचे, ते झाले द्रव. ढकलणे पलीकडे जाते, डुलणे थांबते. पृथ्वीचा बाह्य गाभा द्रव आहे हे कुणी पाहिलेले नाही, दुसऱ्या जातीच्या लाटा तो ओलांडत नाहीत म्हणून कळले.

पहिली लाट कवचात सेकंदाला साधारण ६ किमी जाते, दुसरी साडेतीन. जमिनीवर १ किमी म्हणजे १० सेंमी धरा. दर टाळीला एका मुलाने ६० सेंमी, दुसऱ्याने ३५ सेंमी पुढे जायचे. कोयनानगर ते चिपळूण सरळ रेषेत सुमारे ३० किमी, म्हणजे ३ मीटर. तिथे दोघांमध्ये साडेतीन टाळ्यांचे अंतर पडते. मुंबई २०० किमीवर, २० मीटर, तिथे चोवीस टाळ्यांचे. सेकंदांच्या या फरकाला ८ने गुणले की भूकंप किती दूर झाला ते ढोबळ कळते. मुलांनी २४ गुणिले ८ करून १९२ काढले की त्यांना वाटते आपणच शोध लावला. वाटू द्या.

तीव्रतेचे आकडे मुलांना सहा आणि सात असे शेजारी वाटतात. एका आकड्याने लाटेची उंची दहापट होते आणि ऊर्जा सुमारे ३२ पट. नुकसान मात्र फक्त या आकड्यावर ठरत नाही. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३चा भूकंप कोयनेएवढ्याच मापाचा, ६.२, पण तिथे जवळपास दहा हजार माणसे गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर जड छप्पर, पहाटे चारला माणसे झोपेत, आणि गावे दाटीची.

घरांचा प्रयोग हिरांनी करा. केरसुणीचे तीन हीर १५, ३० आणि ४५ सेंमीचे कापा, जाड बाजू खाली करून मातीच्या लांबट पट्टीत उभे रोवा, टोकाला बोराएवढी मातीची गोळी. पट्टी सावकाश मागेपुढे हलवली की लांब हीर डुलतो आणि आखूड उभा राहतो, भरभर हलवली की उलटे. २००१च्या भुज भूकंपात अडीचशे किमीच्या आसपास लांब असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या, त्याचे एक कारण यात दिसते. गोळी मोठी झाली तर लांब हीर वाकून पडतो.

राहिला सराव. जमीन हलत असताना पळायचे नाही. बाकाखाली बसायचे, एका हाताने मान-डोके झाकायचे, दुसऱ्याने बाकाचा पाय धरायचा, कारण बाक सरकतो. कौलारू शाळेत सगळ्यात वाईट जागा पडवीची कड, कौले तिथेच घसरून पडतात आणि घाबरलेली मुले तिथेच गर्दी करतात. पटांगणात असाल तर पटांगणातच, भिंतीपासून निदान तिच्या उंचीएवढे लांब. धक्का थांबल्यावर दप्तरे तशीच टाकून ओळीने बाहेर. वर्गातले लोखंडी कपाट एल पट्टीने भिंतीला स्क्रूने आवळून घ्या, या कामाला जेमतेम तासभर लागतो आणि तेच सगळ्यात जास्त टाळले जाते.

किनाऱ्यावरच्या शाळांसाठी आणखी एक. नोव्हेंबर १९४५मध्ये मकरान किनाऱ्याजवळ ८.१चा भूकंप झाला आणि त्सुनामीच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या. आज हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेतून इशारा येतो, पण मुलांना स्वतःची खूण ठाऊक हवी. तिसऱ्या-कालवे, म्हणजे शिंपल्या, काढायला जाणाऱ्या मुलांना ओहोटी कळते: पाणी सहा तास सावकाश मागे जाते आणि भरती-ओहोटीची वेळ घरात सगळ्यांना माहीत असते. वेळ नसताना पाणी मिनिटांत मागे हटले, किंवा किनाऱ्यावर उभे राहवणार नाही असा लांब धक्का बसला, तर शिंपल्या टाकून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढायचे. पहिली लाट परतली म्हणून खाली यायचे नाही, पुढच्या लाटा तासाभरानेही येतात आणि त्या मोठ्या असू शकतात. शाळेपासून सड्यावर जायची पाखाडी (पायऱ्यांची वाट) कोणती, चढायला चौथीच्या मुलाला किती मिनिटे लागतात, हे एकदा घड्याळ लावून मोजा आणि वर्गात दाराशेजारी लिहून लावा.